अकरा वर्षांच्या मोजणीत गोगलगायी निम्म्यावर आल्या. त्या खरंच कमी झाल्या, की आमची मोजणी बदलली?

ओहोटी

नमस्कार. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. जानेवारी २०१४ पासून किनाऱ्यावरच्या एकाच खडकाळ पट्ट्यात दर महिन्याला प्राणी मोजते आहे. कुठल्या प्रकल्पाचं काम नाही. विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून चार महिने मोजलं आणि मग थांबवावंसं वाटलं नाही.

पद्धत अशी. प्लॅस्टिकच्या नळ्यांची अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद चौकट आहे. खडकावर वीस ठिकाणी पितळेचे स्क्रू बसवलेत, वरच्या कोरड्या भागापासून ते जवळजवळ कायम पाण्याखाली असणाऱ्या भागापर्यंत. चौकटीचा डावा कोपरा स्क्रूला टेकवायचा आणि आत दिसेल ते मोजून वहीत लिहायचं. गोगलगायी, खडकाला टोपीसारखे चिकटलेले लिंपेट, समुद्रफुलं, खेकडे, क्वचित एखादा तारामासा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते, तेव्हाच मोजायला जायचं, हा माझा नियम होता.

पहिल्या तीन वर्षांत एका चौकटीत सरासरी चौदा गोगलगायी मिळायच्या. गेल्या दोन वर्षांची सरासरी साडेसात आहे. लिंपेट मात्र जवळजवळ तेवढेच आहेत.

आता अडचण सांगते. २०२० मध्ये पाच महिने किनाऱ्यावर जाताच आलं नाही. २०२१ च्या मध्यापासून गुडघ्यामुळे मला निसरड्या खडकांवर उतरणं जमत नाही, म्हणून भाची मोजते आणि मी वर बसून लिहून घेते. ती मनापासून करते. पण तिला सुट्टी रविवारी, त्यामुळे उधाण साधतंच असं नाही. कधी भांगाच्या दिवसांत, म्हणजे ओहोटी फारशी खाली जात नाही तेव्हा, जावं लागतं आणि तळाच्या चार-पाच चौकटींवर गुडघाभर पाणी असतं.

आलेख पाहून ओळखीतले दोघे लगेच म्हणाले की समुद्र तापतोय, त्याचाच हा परिणाम. असेलही. पण मला ते छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्या खडकांवर अकरा वर्षं वाकून काढली, तिथले प्राणी निम्मे झाले असतील तर ते मला नीट सांगता यायला हवं, आणि झाले नसतील तर उगाच बोभाटा करायचा नाही. कसं ठरवू? आणि २०२० चे ते पाच महिने मागच्या-पुढच्या सरासरीने भरून काढले तर चालेल का? आलेखात मोठा खड्डा दिसतो.

खोलपाणी

ताई, तुमचे पितळेचे स्क्रू वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं मोजणारे पुष्कळ भेटतात, पण "नेमकं कुठे मोजलं" याला हात दाखवून "तिथे कुठेतरी" म्हणतात. तुमच्या वीस जागा पक्क्या आहेत ही या सगळ्यातली सर्वांत मोठी जमेची बाजू.

मी चौदा वर्षं संशोधन जहाजावर तळजाळ्याच्या पाहणीत होतो. समुद्रात मासे किती, हे आम्ही कधीच मोजत नाही. दरवर्षी त्याच हंगामात, त्याच ठिकाणी, त्याच मापाचं जाळं, त्याच वेगाने अर्धा तास ओढायचं आणि आलं ते मोजायचं. जाळ्यासमोरचे सगळे मासे जाळ्यात येत नाहीत. काही वरून निसटतात, काही खालून, लहान असतात ते जाळ्याच्या डोळ्यांतून जातात. तरी चालतं. दहापैकी तीनच सापडत असतील तर दरवर्षी तीनच सापडले पाहिजेत, एवढीच अट. एका वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी पाच सापडायला लागले, की आलेखातली चढउतार माशांची राहत नाही, जाळ्याची होते.

तुमची चौकट हे तुमचं जाळं. आणि २०२१ मध्ये तुमच्या जाळ्यात दोन बदल एकदम झाले: डोळे बदलले आणि पाण्याची पातळी बदलली. म्हणून समुद्र तापला का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी हे दोन बदल वेगळे काढा.

पाण्याचं सोपं आहे. भरती-ओहोटी चंद्रसूर्याच्या हिशोबाने चालते, त्यामुळे गेलेल्या कुठल्याही तारखेला, कुठल्याही तासाला पाणी किती खाली गेलं असणार हे मागे जाऊन काढता येतं. जवळच्या बंदराची भरतीची कोष्टकं घ्या आणि वहीतल्या प्रत्येक मोजणीपुढे त्या दिवसाच्या ओहोटीची उंची लिहा. वाऱ्यामुळे थोडा फरक पडेल, तो पडू दे. मग एक पातळी ठरवा, आणि त्याहून पाणी वर होतं त्या दिवसांच्या तळाच्या चौकटी हिशोबातून काढा. पाण्याखाली न दिसलेली गोगलगाय ही "नसलेली" गोगलगाय नव्हे.

डोळ्यांचं काम जास्त कष्टाचं आहे. जहाज किंवा जाळं बदलायची वेळ आली की जुनं आणि नवं शेजारी-शेजारी, एकाच वेळी ओढायचं. दिवसचे दिवस. नवा मासा सापडत नाही, नवी जागा दिसत नाही, नुसतं हे किती धरतं आणि ते किती धरतं. पण ते केलं नाही तर आधीची सगळी वर्षं एका बाजूला आणि नंतरची दुसऱ्या बाजूला पडतात, मध्ये पूल नाही. तुम्हालाही हेच करावं लागेल. गुडघा परवानगी देईल तेवढ्या वरच्या चौकटी घ्या. एकाच ओहोटीला तुम्ही आणि भाची, दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींची वही बघायची नाही, मोठ्याने आकडा बोलायचा नाही. निदान तीन उधाणं.

आकडा न बोलण्यावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. माशाचं वय कानातल्या खड्यावरून काढतात. कॉडचं डोकं डोळ्यांच्या मागे आडवं कापलं की मेंदूखाली दोन पांढरे खडे मिळतात, वालाच्या दाण्यासारखे, जरा वाकलेले. मधोमध मोडून भिंगाखाली धरले की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, एक फिकं आणि एक गडद मिळून एक वर्ष. पहिली दोन-तीन वलयं रुंद, मग कडेला ती इतकी दाटतात की सात की आठ हे डोळे ताणूनही ठरत नाही. दोघांनी वेगवेगळं वाचायचं असा नियम असतो. मी एकदा सात लिहिलं होतं आणि सहकाऱ्याने आठ. त्याने आधी "आठ" म्हटलेलं ऐकलं असतं तर मलाही आठवं वलय दिसलं असतं, याची मला खात्री आहे.

२०२० च्या खड्ड्याबद्दल: भरू नका. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात अनेक दशकं दर उन्हाळ्यात तळजाळ्याची पाहणी होते. २०१८ मध्ये तिथे स्नो क्रॅब जातीचे खेकडे अमाप होते. २०१९ मध्ये घसरण दिसली. २०२० ची पाहणी साथीमुळे रद्द झाली. २०२१ मध्ये जाळी टाकली तर खेकडे जवळजवळ नाहीसे झालेले. हिशोब लागला तो दहा अब्जांहून जास्त खेकड्यांचा, आणि २०२२ मध्ये तिथली ती मासेमारी पहिल्यांदाच पूर्ण बंद ठेवावी लागली. ते उत्तरेला सरकले का, खोल पाण्यात गेले का, यावर बराच खल झाला. २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाने उपासमारीकडे बोट दाखवलं: पाणी तापलं की खेकड्याच्या शरीराला अन्न जास्त लागतं, आणि एवढ्या गर्दीला ते पुरलं नाही. आता विचार करा, कुणी २०२० च्या जागी २०१९ आणि २०२१ ची सरासरी टाकली असती तर आलेखात एक सावकाश उतार दिसला असता, आणि तो कुणीही पाहिलेला नाही. रिकामा रकाना खरा आहे. तो तसाच ठेवा.

रेशीम

खोलपाणींनी जाळ्याचं सांगितलं, मी रेशमाचं सांगते. मी प्लँक्टनच्या, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर बसते.

ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ सर ॲलिस्टर हार्डी यांनी १९२० च्या दशकात अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी एक यंत्र बनवलं. माशासारख्या आकाराची धातूची पेटी, जहाजामागे दोराने ओढायची. पुढच्या लहानशा भोकातून पाणी आत येतं आणि रेशमाच्या पट्टीतून गाळून मागे जातं. मागचा पंखा पाण्याच्या जोराने फिरतो आणि पट्टी हळूहळू पुढे सरकवतो. वरून दुसरी पट्टी येऊन बसते, मधले जीव दोन पट्ट्यांत दाबले जातात आणि गुंडाळी फॉर्मलिनच्या टाकीत जमा होते. १९३१ पासून व्यापारी जहाजं ही पेटी आपल्या नेहमीच्या मार्गावर ओढत आली आहेत. आजही रेशमाच्या छिद्राचं माप तेच, मिलिमीटरच्या पाव भागाहून किंचित मोठं. त्याहून चांगली जाळी कधीच निघाली असणार. बदलली नाही, कारण बदलली असती तर आजचा आकडा जुन्याशेजारी ठेवता आला नसता.

पट्टी उलगडली की आधी नुसत्या डोळ्यांनी तिचा हिरवेपणा बघायचा आणि ठरलेल्या रंगांशी ताडून लिहायचा. मग दहा सागरी मैलांचा एक तुकडा, असे तुकडे करून भिंगाखाली. इथे मला तुमच्या गोगलगायींबद्दल विचारायचं आहे. ती एकच जात आहे ना?

विचारायचं कारण हे. ब्रिटन आणि नॉर्वे यांच्या मधल्या उत्तर समुद्रात कॅलॅनस नावाचा तीन मिलिमीटरचा कोपेपॉड असतो. कवच असलेला, लांब मिशांचा, कॉडच्या पिलांचं मोठं खाद्य. त्याच्या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की वेगळ्या ओळखायला पोहण्याच्या पायांची पाचवी जोडी बघावी लागते. त्या पायाच्या आतल्या कडेवर दातांची रांग असते. थंड पाण्याच्या जातीत ती कड जवळजवळ सरळ, उबदार पाण्याच्या जातीत आत वळलेली. एवढाच फरक. पण गेल्या साठेक वर्षांत थंड पाण्याची जात तिथून उत्तरेकडे हटत गेली आणि उबदार पाण्याची तिच्या जागी आली. पहिली वसंतात भरपूर असते, दुसरीचा बहर वर्षाच्या उत्तरार्धात. कॉडची पिलं वसंतात खायला शोधतात. दोन्ही एकाच नावाखाली मोजल्या असत्या तर थोडी घट दिसली असती आणि समुद्राची जेवणाची वेळच बदलली हे हाती लागलं नसतं.

म्हणून प्रत्येक चौकटीचा वरून एक फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून. आज तुम्ही जे मोजत नाही ते उद्या कुणाला तरी मोजायचं असेल. १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेल्या रेशमी पट्ट्या पुन्हा उघडून त्यांतले प्लॅस्टिकचे बारीक तंतू मोजले गेले, आणि २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात ते १९६०-७० च्या दशकांपेक्षा १९८०-९० च्या दशकांत बरेच जास्त दिसले. ज्यांनी पट्ट्या गुंडाळून ठेवल्या त्यांच्या मनात प्लॅस्टिक नव्हतंच.

निळाई

वाकून मोजायचे दिवस गेले आता. लिटरभर पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवा, त्यातल्या डीएनएवरून कुठले प्राणी आहेत ते कळतं. माझ्या मैत्रिणीने केलंय. अकरा वर्षं वाया गेली असं म्हणत नाही, पण इथून पुढे तेच करा.

खोलपाणी

निळाई, पाण्यातला डीएनए फार उपयोगाचा आहे, विशेषतः क्वचित दिसणाऱ्या किंवा लपून राहणाऱ्या जातींसाठी. पण तो मुख्यतः "आहे की नाही" हे सांगतो. "किती" हे सांगताना अडखळतो, कारण तो किती गळतो, किती दिवस टिकतो, प्रवाहाने कुठून कुठे जातो हे जातीजातीला आणि पाण्याच्या तापमानाला वेगळं. उघड्या खडकावरच्या गोगलगायींना डोळ्यांइतकं चांगलं साधन नाही. वाटलं तर जोडीला घ्यावं. बदली म्हणून घेतलं तर ताईंच्या वहीत २०२१ सारखा आणखी एक सांधा तयार होईल.

जुनी_पानं

मी मोजत नाही, दुसऱ्यांनी मोजलेलं शोधत फिरतो. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, तुमचं २०१४ हे "आधी" नाही, फक्त तुमची सुरुवात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये हे मांडलं की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्र हाच मूळचा समुद्र धरते आणि घट तिथून मोजते, त्यामुळे आधीची घट हिशोबातच येत नाही. याचं मला सर्वांत भिडलेलं उदाहरण फ्लोरिडातल्या की वेस्टचं. तिथे हौशी लोक दिवसभर बोटीतून गळ टाकून येतात आणि धक्क्यावर दिवसातले सगळ्यात मोठे मासे टांगून फोटो काढतात. संशोधक लोरेन मॅकक्लेनाकन यांनी १९५६ ते २००७ पर्यंतचे असे फोटो जमवून मासे मापले. टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. मी ते फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघितले. १९५० च्या दशकातल्या फोटोत माशांपुढे माणसं लहान दिसतात. अलीकडच्या फोटोत मासे वीतभर-हातभर आणि माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंद अगदी तोच. तो आनंद खराच आहे, त्यांना आधीचं ठाऊक नाही एवढंच.

दुसरी, कागदावरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका, कुणी आणि कशासाठी लिहिला ते बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात हंपबॅक देवमासे मारले. जाहीर आकडा २,७१०. खरा आकडा ४८ हजारांहून जास्त, आणि तो १९९० च्या दशकात उघड झाला, कारण तिथल्या काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. तोवर जगभर लोक कोडं सोडवत बसले होते की एवढी कमी शिकार होऊनही देवमासे इतके कमी का झाले. त्या नोंदी धोका पत्करून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि माणसाने काहीच लिहिलेलं नाही तिथे गाळ लिहून ठेवतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांता बार्बरा खोऱ्याच्या तळाशी प्राणवायू इतका कमी आहे की गाळ उकरणारे किडे जगत नाहीत. त्यामुळे वर्षावर्षाचे थर न विस्कटता साचलेत, आणि त्यांत सार्डिन आणि अँकोव्ही या लहान माशांचे खवले आहेत. ते मोजून सुमारे १,७०० वर्षांचा चढउतार काढला गेला. मोठी मासेमारी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून सार्डिन कधी उदंड, कधी जवळपास गायब, अशी आवर्तनं दिसतात, आणि एकेक आवर्तन काही दशकांचं. यावरून मासेमारी निर्दोष ठरत नाही. पण अकरा वर्षांची खिडकी अशा आवर्तनाच्या उतारावर उघडली तर नुसता उतारच दिसणार, हे ध्यानात असावं.

खोलपाणी

जुनी_पानं यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझी जोड. आकडा खोटा नसला तरी फसवतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड कमी होत होता तेव्हा मासेमारी जहाजांना तासाला मिळणारा मासा मात्र चांगलाच होता. उरलेले कॉड थवे करून ठरावीक जागी गोळा होत होते, आणि जहाजं नेमकी तिथेच जाळी टाकत होती. संशोधन जहाजाची पाहणी रिकाम्या जागीही जाळं टाकते, तिचे आकडे कमी येत होते. अंदाज बांधताना जहाजांच्या आकड्यांना जास्त वजन दिलं गेलं. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. तेव्हा ताई, एखाद्या चौकटीत वर्षभर काही मिळालं नाही म्हणून ती सोडून "जरा चांगल्या" खडकावर सरकवायचा मोह भाचीला होईल. होऊ देऊ नका. रिकाम्या चौकटीतलं शून्य लिहिलंच पाहिजे.

उलटही होतं. युरोपात १९९४ आणि २००५ मध्ये जहाजांवरून आणि विमानांतून पॉर्पस मोजले, हा डॉल्फिनचा लहान चणीचा भाऊबंद. उत्तर समुद्राच्या उत्तर भागात ते खूप कमी झालेले दिसले. तेवढाच भाग पाहिला असता तर हाहाकार झाला असता. पण दक्षिण भागात ते वाढले होते, एकूण संख्या जवळपास तेवढीच. खाद्यामागे सरकले असावेत. तुमचा पट्टा एकच आहे, त्यामुळे "इथल्या कमी झाल्या" यापुढे तो बोलू शकत नाही. जमलं तर थोड्या अंतरावर आणखी एक पट्टा सुरू करा.

ओहोटी

तीन उधाणं झाल्यावर लिहिते आहे, म्हणून उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी पाणी. एकशे सव्वीस मोजण्यांपुढे ओहोटीची उंची लिहून काढली, त्याला आठ संध्याकाळी लागल्या. भाचीच्या मोजण्यांपैकी साधारण एक तृतीयांश भांगाच्या दिवसांतल्या निघाल्या. त्या दिवसांच्या तळाच्या चौकटी काढून टाकल्यावर घट थोडी कमी झाली, पण राहिली.

मग डोळे. वरच्या बारा चौकटींपर्यंत मला हाताला धरून नेलं. आधी मी मोजायचं, मग तिने, आकडा कुणीच बोलायचा नाही. तिन्ही वेळचं चित्र सारखंच आलं, शेवटच्या दिवसाचं देते. माझ्या एकूण गोगलगायी १६६, तिच्या १२१. एक सेंटिमीटरहून मोठ्या: माझ्या ८४, तिच्या ८२. लहान: माझ्या ८२, तिच्या ३९. वही समोर ठेवल्यावर दोघी गप्प झालो. नंतर तिने विचारलं, "मावशी, तू शेवाळ उचलतेस?" हो, मी उचलते. खडकाच्या भेगेवर शेवाळाची झालर असते, ती दोन बोटांनी वर केली की खाली मिऱ्यांएवढी पिल्लं ओळीने बसलेली असतात. अकरा वर्षांपूर्वी एकदा उचललं आणि तेव्हापासून हात आपोआप तिथे जातो. वहीच्या पहिल्या पानावर मी पद्धत लिहिली आहे, त्यात हे वाक्य नाही. तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. ती बिचारी खडकाला धक्का लागू नये म्हणून शेवाळाला हातही लावत नव्हती.

सुदैवाने सुरुवातीपासून मी लहान-मोठ्यांचे रकाने वेगळे ठेवलेत. मग फक्त मोठ्या घेतल्या, कारण त्यांत आमचं जुळतं. पहिल्या तीन वर्षांत चौकटीमागे सात, गेल्या दोन वर्षांत, पाण्याची दुरुस्ती करून, साडेपाच. "निम्म्यावर" हा शब्द मी मागे घेते. लहानांबद्दल २०२१ नंतरचं मला काहीच म्हणता येत नाही.

प्रत्येक चौकट तिच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडली. वीसपैकी तेरांत घट, पाचांत वाढ, दोन तशाच. हे पुरेसं आहे का?

रेशीम यांनी विचारलं होतं ते बघितलं. जात एक नाही, दोन आहेत. एकीच्या शिंपल्याच्या तोंडाशी आतून बारीक दात आहेत, दुसरीच्या नाहीत. मी अकरा वर्षं दोन्ही एकाच नावाने लिहीत आले.

खोलपाणी

ताई, तुम्ही केलंत ते आमच्या जहाजावरच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाही.

तेरा आणि पाच. दोन तशाच राहिल्या त्या सोडून अठरा धरा. काहीच बदललं नसतं आणि प्रत्येक चौकट नाणं उडवल्यासारखी कुठेही गेली असती, तरी तेरा किंवा त्याहून जास्त एकाच बाजूला पडण्याची शक्यता साधारण दहात एक आहे. शिवाय चौकटी एकाच पट्ट्यात, एकाच लाटेखाली आहेत, त्यामुळे त्या खऱ्या अर्थाने अठरा स्वतंत्र साक्षी नाहीत. म्हणजे "मोठ्या गोगलगायी कमी होत असाव्यात, अजून पक्कं नाही". असं लिहायला हात धजत नाही, मला माहीत आहे. पण आज तुमच्या वहीत तेवढंच आहे.

भाचीने आता दोन्ही प्रकारे मोजावं. आधी शेवाळ न उचलता, मग उचलून, दोन वेगळे रकाने. वर्षभर केलंत तर २०२१ पासूनच्या तिच्या लहान गोगलगायींच्या आकड्यांनाही मागे जाऊन अर्थ लावता येईल. आणि जातींसाठी जुने फोटो असतील तर ते बाहेर काढा.

ओहोटी

जुने फोटो २०१४ ते २०१७ चे आहेत, विद्यार्थ्यांनी काढलेले, सगळ्या चौकटींचे नाहीत. तोंडाशी दात आहेत की नाहीत ते वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही, पण दातवालीच्या पाठीवर गडद पट्टे जास्त असतात, त्यावरून काही जमतं का बघते. भाचीने रविवारचा हट्ट सोडला, उधाणाच्या दिवशी सकाळची दोन तासांची सवलत मागून घेतली आहे. पुढची ओहोटी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आहे. पद्धतीच्या पानावर शेवाळाचं वाक्य आज लिहिलं, आणि त्यापुढे आजची तारीख.